लेकीचा उजवा

हॉटेलच्या खिडकीतून पांढराशुभ्र डोंगर दिसला आणि मी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. "अहो, बर्फ पडलाय! भरपूर पडलाय!" स्कॉटलंडच्या बर्फाचा काही भरवसा नसतो. ग्लासगोहून गाडीनं येताना वाटभर पाऊसच लागला होता. एवढ्या महागड्या हॉटेलात येऊन चिखल बघत बसायचं की काय, या धास्तीनं मला नीट झोप लागली नव्हती. "पडू दे की," असं म्हणून ह्यांनी कूस बदलली.

हॉटेल फारच शांत. पाय बुडतील असे गालिचे, शेकोटीपाशी कुजबुजणारी माणसं, चमचा बशीवर वाजला तरी आपल्यालाच ओशाळं वाटावं. ह्यांना ते स्वर्गासारखं वाटत होतं. मी मात्र कुजबुजायला आले नव्हते. मला डोंगरावरून घसरत खाली यायचं होतं, माझ्या लेकीबरोबर, एकदा तरी.

लेक इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला जन्मली, शाळेच्या सहलीत स्कीइंग शिकली. दर हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जाते आणि परत आली की आम्हाला फोटो दाखवते. आता पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी कॅनडाला चालली होती. म्हणजे यापुढे नुसते फोटोच. म्हणून या वेळी मीही येणार, असं मी जाहीर करून टाकलं.

"आई, बी सीरियस. तू सिक्स्टी आहेस."

"मग काय सत्तरीची होईपर्यंत थांबू?"

शेवटी तिनंच आम्हा तिघांचं बुकिंग केलं.

पहिले दोन दिवस पायथ्याच्या छोट्या उतारावर गेले. शिकवायला एक लालबुंद गालांची स्कॉटिश पोरगी होती. तिचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं, पण 'पिझ्झा' तेवढं कळलं. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब ठेवायची, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, म्हणजे वेग कमी होतो. मी आपटले, उठले, पुन्हा आपटले. एकदा तर बसल्या बसल्याच निम्मा उतार पार केला. हसून हसून पोट दुखायला लागलं. घरी असते तर एवढ्या पडण्यावर आठवडाभर शेक घेत बसले असते, इथे कुठे काही लागलंय याची शुद्धच नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पोरगी म्हणाली की उद्या लेकीबरोबर वर जायला हरकत नाही, फक्त वळणं नीट घ्या. "जमलं!" मी हॉटेलच्या दारातूनच ओरडले. शेकोटीपाशीच्या सगळ्या माना वळल्या आणि ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

वर न्यायला चेअरलिफ्ट होती. तारेला लटकलेल्या बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. पायाखाली पांढरे उतार, त्यातून डोकावणारे काळे खडक, आणि आवाज म्हणावा तर फक्त वाऱ्याचा. मला लहान मुलीसारखे पाय हलवायचे होते, पण त्या जड स्की बांधलेल्या. वर पोचलो. भीती होतीच, पण आनंद तिच्यापेक्षा जास्त होता.

"आई, तू पुढे जा. मी मागे आहे. स्लो, ओके?"

आणि मी निघाले! पहिलं वळण जमलं. दुसरं जमलं. वारा गालांना झोंबत होता, आणि मी चक्क मोठमोठ्यानं हसत होते. तेवढ्यात उतार एकदम तीव्र झाला. पिझ्झा करूनही वेग काही आवरेना. समोर वाट वळत होती, पण कुठल्या बाजूला, ते भुरभुरणाऱ्या बर्फात मला दिसेना. मागून लेक जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई, उजवीकडे! उजवीकडे!"

मी डावीकडे वळले.

उजव्या हाताला, अगदी खेटून, बर्फ अडवण्यासाठी ठोकलेलं लाकडी कुंपण सर्रकन मागे गेलं. पुढे रुंद, सपाट वाट होती. मी हळूहळू थांबले, न पडता.

लेक धापा टाकत येऊन पोचली. चेहरा पांढराफटक. तिनं हातमोजे काढले, दोन्ही पंजे समोर धरले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"आई, वेट. उजवा म्हणजे राइट ना? मी राँग ओरडला! तू लेफ्टला कसा गेला?"

मला पुन्हा हसू फुटलं. ती लहान असताना तिला मीच शिकवलं होतं, ज्या हातानं जेवतेस तो उजवा. आणि पोरगी निघाली डावखुरी. आम्ही नंतर किती सांगितलं, पण ते डोक्यात घट्ट बसलं ते बसलंच. इंग्रजीत ती कधी चुकत नाही. घाबरली की मात्र माझ्याशी मराठीत बोलते, आणि मराठीतला तिचा उजवा कायम डावीकडे असतो. तिला गाडी चालवायला शिकवताना मला याची सवयच होऊन गेली होती.

"तुझा उजवा कुठे असतो ते मला माहीत आहे ना," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यातच पडली. स्की एकमेकींत अडकल्या आणि आम्ही दोघी शेवटी पडलोच.

"पुन्हा वर?" तिनं विचारलं. मी केव्हाची उठायची धडपड करत होते.

बाकावर बसल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "आई, मी आता प्रॉपर शिकते. उजवा इज राइट. कॅनडाला जाण्याआधी फिक्स करते."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तिकडे तुला उजवा कोण विचारणार आहे? माझ्यासाठी आहे तसाच राहू दे."

तिनं मान डोलावली आणि माझा हात घट्ट धरला, तिच्या उजव्या हातात.