दुसऱ्या गिरणीत गहू नाही

काका गेले तेव्हा गिरणी विकून टाका असं सांगायला नातेवाईक रांगेनं आले. बाईमाणसाला दगड उचलवणार नाही, पट्टा निसटला तर कोण चढवणार, एक ना दोन. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी लावायला बसल्या. खाचा बोथट झाल्या की पीठ जाडंभरडं येतं, म्हणून त्या पुन्हा पाडाव्या लागतात. बोटं फोडून घेतली, पण छिन्नी सोडली नाही. त्याला आता बावीस वर्षं झाली. आज दोन गिरण्या आहेत. मी त्यांची पुतणी, काट्यापाशी बसून दळण तोलते. तोंडाची मीही काही कमी नाही, पण काकूंपुढे अगदी गरीब गाय.

तर अशा बाईची नात, चिमणी, पाच वर्षांची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. दवाखान्यात निदान झालं की गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी यादीच दिली. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा, वरई हे सगळं चालेल. गहू बंद, म्हणजे रवा, मैदा, बिस्किटंही बंद. जव बंद. ओट्स तूर्तास नकोत. काकूंनी यादी भिंतीला चिकटवली आणि जाहीर केलं, "पोरीचं पीठ मी स्वतः दळणार. बाहेरचा कण घरात यायचा नाही."

चार महिने झाले तरी वजनाचा काटा हलेना. रक्ताचा रिपोर्टही तसाच वाईट. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. झालं, घरातल्या सगळ्या नजरा वहिनीकडे, चिमणीच्या आईकडे, वळल्या. काकूंनी तर तोंडावरच सांगितलं, "तूच चोरून बिस्किटं देत असशील. पोरगी रडली की तुझा जीव विरघळतो. उद्यापासून तिला मी भरवणार. तू तिच्या ताटाला हात लावायचा नाहीस." दादा, म्हणजे काकूंचा मुलगा, वहिनीचा नवरा, भिंतीकडे बघत बसला. मला त्याचा असा राग आला होता की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. आईसमोरच पोरीचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचं, याला काय म्हणायचं?

दीड महिना काकूंनी डोळ्यांत तेल घालून भरवलं. चिमणी आणखीनच सुकली.

मग एका दुपारी वहिनी नाचणीचा डबा घेऊन गिरणीत आली. आजवर ती कधी आत आली नव्हती. "आई, हे माझ्यासमोर दळा," एवढंच म्हणाली. नुकतं कुणाचं तरी गव्हाचं दळण संपलं होतं. काकूंनी नाचणी ओतली. नाचणीचं पीठ कसं, लालसर तपकिरी. पण डब्यात पहिल्या दोन ओंजळी पडल्या त्या पांढऱ्या.

"हे काय?" वहिनीनं विचारलं.

"अगं, आधीच्याचं थोडंफार येतंच," काकू म्हणाल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आल्या होत्या. आणि मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गिरणी बंद केली, दगड उघडला. खाचांमध्ये गव्हाचं पीठ बसलेलं. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी बाही झटकली तर घमेलंभर निघालं. वहिनी डबा तिथंच ठेवून निघून गेली.

पंधरा दिवसांत दुसरी गिरणी मागच्या खोलीत हलली. नवे दगड, नवी बाही, वेगळं दार, वेगळे कपडे. दारावर खडूनं लिहिलं, 'गहू, जव आत आणू नये.' इकडे पुढं एकाच गिरणीवर गव्हाची रांग वाढली. लोक कुरकुरायला लागले. काकूंनी लक्ष दिलं नाही.

परवा नेमका पुढच्या गिरणीचा पट्टा तुटला आणि वसतिगृहाचा आचारी गव्हाची चार पोती घेऊन हजर. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "मागच्या गिरणीत टाका की. नंतर झाडून घ्या."

"जमणार नाही," काकू मागच्या गिरणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"एवढ्याशा पिठानं कुणी मरत नाही हो. मग आम्ही कायमचे दुसरीकडे जातो बघा."

"खुशाल जा." रांगेत सहा-सात माणसं होती. वहिनीही चिमणीचं पीठ न्यायला आलेली, मागं उभी होती. काकूंचा आवाज चढला. "एवढ्याशाच पिठानं माझी नात सुकत होती आणि मी सुनेला चोर ठरवलं. तिनं पोरीला बिस्किटाचा तुकडासुद्धा दिला नव्हता. विष मीच घालत होते, रोज, या हातांनी दळून. ऐकलं सगळ्यांनी?"

आचाऱ्यानं पोती उचलली. काकूंनी कनवटीला खोचलेली मागच्या गिरणीची किल्ली काढून वहिनीपुढे धरली. "पोरीचं दळण आणि पोरीचं ताट, आजपासून दोन्ही तुझं. इथं गव्हाचं पीठ घेऊन कुणीही आलं तर हाकलून दे."

वहिनीनं किल्ली घेतली. काकूंकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. सकाळपासून गहू दळून काकू भुवयांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

"मग आई, आधी तुम्ही दारातून बाजूला व्हा."

काकू मुकाट्यानं बाजूला झाल्या.