मामांची थोरली

माझ्या मामेसासऱ्यांना दोन बायका आहेत, आणि त्यांतली थोरली सुमारे दीड हजार वर्षांची आहे. धाकटी म्हणजे आमच्या मामी. त्या मूळच्या इथल्याच, जर्मनीतल्या एर्लांगेनच्या. आपल्या सासूबाईंकडून त्यांनी जे मोजकं मराठी उचललं त्यात 'अहो' पहिलं, आणि नवऱ्याला त्या आजही चारचौघांत तशीच हाक मारतात. थोरली इस्तंबूलला असते, तिचं नाव आया सोफिया. आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय, पुन्हा मशीद असे तिचे संसार बदलले, पण मामांची निष्ठा ढळली नाही. मामा स्ट्रक्चरल इंजिनिअर. नोकरीभर त्यांनी गोदामांच्या छतांची गणितं केली आणि प्रेम त्या घुमटावर केलं. गंमत म्हणजे तिला त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलंच नव्हतं.

मामांबरोबर हॉटेलात जेवणं ही शिक्षा असते. इकडे बटाट्याचे मोठाले उकडलेले गोळे मिळतात, क्लोस म्हणतात त्यांना. तो पानात पडला की मामा सुरी उचलणार. "जावईबापू, चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा कसा, सांगा." मग मामा गोळा अर्धा कापून पालथा घालतात, चारी बाजू उभ्या छाटतात, वरची टोपी उडवतात. "आल्झो, हे बघा! कोपऱ्यांत हे चार वाकडे त्रिकोण उरले ना, घुमटाचा सगळा भार ह्यांच्यावर! आणि बुडाशी खिडक्यांची माळ, म्हणून तो तरंगतोय असं वाटतं!" एकदा वेट्रेसने घाबरून विचारलं, जेवणात काही निघालं का. मामांनी तिलाही सगळं समजावलं, दुसरा गोळा मागवून. तोवर माझं जेवण थंड झालं होतं.

पहिला घुमट वीसेक वर्षांतच भूकंपाने गेला, हे सांगताना मामांचा आवाज घरात सुतक असल्यासारखा होतो. पुन्हा बांधला तो मूळ वास्तुकाराच्या पुतण्याने की भाच्याने, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. मामांच्या लेखी भाच्यानेच. माझी बायको त्यांची भाची असल्यामुळे आमच्या घरी ह्यावर वाद होत नाही.

तीन वर्षांपूर्वी मामाच बेकरीच्या दारात कोसळले. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यातच इस्तंबूलची तिकिटं काढून झालेली. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, पण रोलाटर घेऊन. रोलाटर म्हणजे इथले सगळे म्हातारे ढकलतात ती, बसायची पट्टी असलेली चाकांची घोडी. मामा उखडले. "पहिल्या भेटीला चाकं घेऊन जाऊ? नाइन, मुळीच नाही!" जायचं तर नुसतंच, असा हट्ट. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, ह्या धास्तीने मामी स्वयंपाकघरात माझ्या बायकोपाशी रडल्या.

त्या रविवारी कॉफीला आम्ही चौघंच होतो. विषय अर्थात थोरलीचाच. "घुमटाच्या रेट्याने भिंती बाहेर कलल्या," मामा सांगत होते, "मग पुढच्या लोकांनी बाहेरून धिप्पाड टेकू दिले. म्हणून ती आज उभी आहे. त्यात कमीपणा कसला?"

मामींनी कप खाली ठेवला. "अहो, मग तुम्हाला कसला कमीपणा?"

मामांनी कपातली उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाले, "रोलाटर काळा घ्या. लाल नको." माझा जीव भांड्यात पडला, आणि मामींनी सगळ्यांना केकचा दुसरा तुकडा वाढला.

इस्तंबूलहून मामींचा फोन आला तेव्हा मी विचारलं, किती तास लेक्चर झालं? मामी जर्मनमध्ये सांगू लागल्या. आत घुमटाखाली ते एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आले, एका टेकूपाशी रोलाटर लावून त्याच्यावरच बसले आणि दगडावर हात ठेवून राहिले. मग काय म्हणाले, ते मात्र मामींनी मराठीत जसंच्या तसं सांगितलं.

"मला वाटलं होतं, ही माझ्यापेक्षा ताठ उभी असेल."

मामा सुखरूप परतले. पुन्हा पडले नाहीत, हे आमचं केवढं नशीब. फक्त हल्ली क्लोस पानात पडला की ते मुकाट्याने खायला लागतात. मग मीच माझी ताटली पुढे सरकवतो आणि सुरी त्यांच्या हाताशी ठेवतो.