मीच फाडलेला पेपर मीच शिवून दिला

मंडळी, आमच्या विभागातल्या वानखडे मॅडम फेसबुकवर नाहीत, म्हणून हे इथे बिनधास्त लिहितोय.

मागे एका जर्नलने मला तपासायला एक पेपर पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण जानेफळकडच्या सोयाबीनवरची कीड म्हटल्यावर मॅडमशिवाय दुसरं कोण असणार? पेपर उत्तम होता, आणि विभागात बढतीची जागा एकच आहे. "लेखकाने आधी शेत पाहून यावं," असा शेरा मारला आणि ढीगभर दुरुस्त्या सांगून पेपर परत पाठवला.

आज सकाळी स्टाफरूममध्ये तोच शेरा मला वाचून दाखवताना मॅडम रडल्या. "सर, पूरा हंगाम चिखल तुडवला मी. या माणसाले माह्याशी काय दुश्मनी हाय?"

"असन कोनी नालायक," मी म्हणालो. चहा मागवला आणि दुपारपर्यंत बसून सगळ्या दुरुस्त्या करून दिल्या.

"पेपर छापून आला का आभारात पहिलं नाव तुमचंच टाकीन, सर," म्हणत त्यांनी तो लगेच पाठवला.

संध्याकाळी सुधारलेला पेपर नियमाप्रमाणे माझ्याकडेच आला. मी सुचवलेली एकही दुरुस्ती मला पटली नाही. रिजेक्ट केला.

उद्या मॅडम पुन्हा रडतील. तुम्हीच सांगा, नुसत्या चहावर भागेल, की सोबत कचोरीपण मागवू?