शेपटीतल्या रिकाम्या पेशी

मरळ मासा पाण्याबाहेर काढला तरी हवेतून श्वास घेतो, म्हणून तो लवकर मरत नाही. हे ठाऊक असूनही आमच्या कुंभकोणमच्या घरामागे, तापलेल्या दगडावर, कोरड्या टोपलीत आम्ही त्याला आपोआप मरायला ठेवीत असू. मारणारा हात आमचा नसावा, एवढीच आमची दया होती. देवघरात आमचे वडील, आप्पा, विठ्ठलाला गंध लावीत आणि मागे शेपटीचे फटके वाजत. आधी चाबकासारखे, मग पिळलेल्या ओल्या कपड्यासारखे, मग थांबून थांबून. पूजेची घंटा थांबे, फटके थांबत नसत.

मासे घरी आले ते माझ्या थोरल्या भावामुळे. अण्णा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवी आणि मद्रासला पाठवायचा प्रबंध लिहीत होता. माशाच्या मज्जारज्जूत, अगदी शेपटीच्या टोकाशी, काही थोराड पेशी असतात. असतात मज्जातंतूंच्याच, पण वागतात ग्रंथींसारख्या: आपल्या पोटात रस घडवतात आणि रक्तात सोडतात. अशा रसाला आज संप्रेरक म्हणतात. अण्णा शेपटी बरणीतल्या औषधात मुरवी, तिचे पातळ काप काचेवर चढवी, रंगवी. सूक्ष्मदर्शकातून पाहून चित्रं मी काढी. सासर सोडून, लेकीला कडेवर घेऊन मी माहेरी परतले होते. रोज पहाटे उंबऱ्याशी कोलमची रांगोळी घालणारा हात रेघेला पक्का होता, एवढीच माझी विद्या.

सहा महिन्यांची ती चित्रं परीक्षकांनी परत पाठवली. या पेशी रिकाम्या पिशव्यांसारख्या दिसतात, रस कुठे आहे? पोंगलच्या सणापर्यंत दाखवा, नाहीतर प्रबंध मागे घ्या. पदवी नाही तर अण्णाची कॉलेजातली जागाही नव्हती.

त्या दुपारी टोपलीतला मासा ऊन कललं तरी तडफडत होता. कल्ल्यांभोवती रक्ताचा फेस सुकला होता, कुशीचे खवले सुटून टोपलीच्या कामट्यांना चिकटले होते. माझी चार वर्षांची लेक कानांवर हात दाबून तुळशीमागे बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अण्णा, रस मरता मरता संपत असेल.”

“कशावरून, पोरी?”

“ही तीन महिन्यांची होती. एका संध्याकाळी त्यांनी मला चामड्याच्या पट्ट्यानं मारलं, दिवे लागेपर्यंत. सकाळी छाती कोरडी होती. पुन्हा दुधाचा थेंब आला नाही.”

अण्णाने चिमट्यातली काच खाली ठेवली. माहेरी हे मी प्रथमच बोलले होते.

दुसऱ्या सकाळी इन्नंबूर गावची मासळीवाली आली. या वेळी मासे पाण्याने भरलेल्या घागरीत आणायला सांगितले होते, तडफडू न देता एका घावात मारायला. मासा टोपलीत पडताना दिसू नये म्हणून लागलेल्या सवयीने अण्णा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“पाठ काय दाखवता, सामी? मासा तिला नमस्कार करून मरणार आहे?” ती म्हणाली. “द्या, मी उडवते मुंडकं.”

“नको,” मी म्हणाले. “सहा महिने फटके आम्ही ऐकले. कोयता मला दे.”

ती हसली. “घ्या अम्मा. बोटं तेवढी आत ठेवा, नाहीतर सामी तीही बरणीत घालतील.”

पहिला घाव तिरका बसला. अर्धी मान तुटलेला मासा फळीवर उलटासुलटा आपटला. त्याची शेपटी माझ्या गालावर बसली, रक्त ओठांवर आलं, खारट, कोमट, चिखलाच्या वासाचं. मी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. तो मासा वाया गेला. मी तोंडही पुसलं नाही. ओल्या फडक्यात दुसरा धरला. घागरीतलं गार पाणी त्याच्या अंगावर अजून होतं. या वेळी कोयता सरळ उतरला आणि फळीत रुतला.

त्याच क्षणी दारात आप्पा आले. माझं तोंड पाहून त्यांनी हातातला तांब्या फेकला. तो खांद्यावर लागला, हाडाचा आवाज मला आत ऐकू आला.

“कसाबीण!” ते ओरडले. “विठ्ठलाच्या घरात!”

अण्णा थिजला होता. कात्री त्याच्या हातात तशीच उघडी होती. माझा हात वर होत नव्हता.

“अण्णा,” मी म्हणाले, “शेपटी.”

त्याने ती कापली आणि बरणीत टाकली.

आठ दिवसांनी मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. पेशी गच्च भरल्या होत्या. पाण्यात फुगलेल्या सब्जासारखे काळे-निळे थेंब एकमेकांना खेटून बसले होते. खांदा बांधलेला होता, म्हणून चित्राला तीन दिवस लागले. पोंगलच्या आधी ते मद्रासला पोहोचलं. प्रबंध मान्य झाला, अण्णाची जागा राहिली. आप्पांनी वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

पत्र आलं त्या दिवशी जुन्या चित्रांचा गठ्ठा घेऊन अण्णा न्हाणीघरातल्या चुलीपाशी बसला. एक कागद पेटलाही होता. मी बाकीचे ओढून घेतले.

“चुकलेली चित्रं ती,” तो म्हणाला. “काय करणार ठेवून?”

“चुकलेली नाहीत. तो दिवसभर टोपलीत आपटत होता. त्यानंतर जे उरलं, ते मी काढलं.”

चुलीत हात घालून अण्णाने तो पेटलेला कागदही बाहेर काढला, तळव्याने विझवला आणि माझ्या गठ्ठ्यावर ठेवला.