उर्कियाने न घेतलेलं नाव

त्या डोंगराच्या पोटात एके काळी अणुबॉम्ब फोडत. फोडणारे गेले, त्यांचं राज्यही गेलं. बोगद्यांत उरली मैलोगणती तांब्याची केबल आणि थोडी अशी धूळ, जिच्यासाठी दहशतवादी कुठून कुठून येतील या काळजीने लांबच्या देशांना झोप लागत नव्हती. मग तीन देश एकत्र आले. त्यांनी बोगदे काँक्रीटने बुजवले, कुंपण घातलं आणि फाटकाशी एका केबिनमध्ये उर्कियाला बसवलं. केबिनच्या दारावर तिन्ही झेंड्यांची पितळी पाटी होती. शेगडी मात्र तिने घरून आणली होती.

वीस वर्षांत तिने एकही दहशतवादी पाहिला नाही. वाट चुकलेले घोडे पाहिले, लांडगे पाहिले, आणि दर सप्टेंबरात, गवत पांढरं पडलं की येणारी शिष्टमंडळं पाहिली. आता साठी जवळ आली होती आणि पेन्शनला अकरा महिने उरले होते.

यंदा फाटक नवं आलं. पहारेकऱ्याने पाहुण्याचा चेहरा बघायचा आणि त्याचं पूर्ण नाव केबिनच्या खिडकीतल्या मायक्रोफोनमध्ये घ्यायचं. यंत्र पहारेकऱ्याचा आवाज ओळखणार, नाव यादीशी ताडणार, मगच दांडा वर. पाहुण्याने स्वतःचं नाव सांगून भागणार नव्हतं. नाव काय, चोरालाही सांगता येतं. यंत्राला आवाज दोनच माहीत होते. एक उर्कियाचा. दुसरा दुसऱ्या पाळीच्या पहारेकऱ्याचा, आणि तो दाढ काढून ऐंशी किलोमीटरवर घरी झोपला होता. दांडा हाताने उचलला तर राजधानीत नोंद होई, आणि उचलणाऱ्याची नोकरी पेन्शनसकट जाई.

उद्घाटनाला दोन गाड्या आल्या. "थोरब्यॉर्न स्क्यॅलब्रेड," उर्किया म्हणाली. हिरवा दिवा लागला, दांडा वर गेला. "हेडविग ओबरमायर." पुन्हा हिरवा. दुभाषी झान्सयाने टाळ्या वाजवल्या. तिला स्वतःला ही नावं पाठ करायला दोन दिवस लागले होते.

तिसरे पाहुणे म्हणजे सुरक्षा समितीचे अध्यक्ष. रेशमी टाय, डोक्यावर फरची टोपी. उर्कियाने मान लववली आणि मायक्रोफोनमध्ये म्हणाली, "मिर्झागा."

लाल दिवा लागला.

अध्यक्ष हे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, उर्कियाने या दिराला मिर्झागा म्हटलं, म्हणजे सभ्य दादा, आणि तेच चालत आलं. यंत्राच्या यादीत सभ्य दादा कुणी नव्हते.

"आपा, नाव घ्या ना," झान्सया कुजबुजली.

"घेतलं की."

"खरं नाव हो."

"तू घे."

"माझा आवाज चालत नाही."

"आधी लग्न कर, मग मला शिकव."

हेडविगबाईंना अडचण समजावून सांगितली. त्या गहिवरल्या. परंपरेचा सुरक्षेशी कसा मेळ घालावा, यावर त्यांनी उभ्या उभ्या वहीत अर्धं पान लिहिलं.

मिर्झागाही खूश झाले. "बघा, ही आमची संस्कृती," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "राहू दे, केलीन. दांडा हाताने उचल."

केलीन म्हणजे सून. तिचं नाव घ्यायला त्यांना कुणाची बंदी नव्हती. त्यांनी ते कधी लक्षातच ठेवलं नव्हतं.

"हाताने उचलला तर माझी नोकरी जाते, मिर्झागा."

"मी आहे ना."

हे शब्द उर्कियाने पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा बोगदे उघडे होते आणि घरात पीठ नव्हतं. ओराज, तिचा नवरा, आत शिरून केबल तोडायला घाबरत होता. बाहेर ट्रक उभा असे, तो मिर्झागांचा. "घाबरतोस काय, मी आहे ना," मिर्झागा म्हणाले होते. ओराज एक अख्खा हिवाळा आत-बाहेर करत राहिला. दोन वर्षांत त्याचं रक्त नासलं आणि तो गेला.

पुढे चौकशीवाले आले. ट्रक कुणाचा, त्यांनी तिला विचारलं. तिला माहीत होतं. ती म्हणाली, "घरातल्या मोठ्यांचा." त्यांनी लिहिलं, मालक अज्ञात. ओराजच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मिर्झागांनी दोन मेंढ्या दिल्या, आणि उर्कियासारखी सून शोधून सापडायची नाही असं सगळे म्हणाले. तांब्यातून मिर्झागांचं सेमेय शहरात घर झालं, घरातून ओळखी झाल्या, ओळखींतून समिती. डोंगराचा खडा न् खडा माहीत असलेला माणूस, अशी पाहुण्यांना त्यांची ओळख करून दिली जाई. त्यात खोटं काही नव्हतं.

"उचल म्हणतो ना," मिर्झागा म्हणाले. "लोक थंडीत उभे आहेत."

उर्किया मायक्रोफोनशी वाकली. "सेरीमबेत दुयसेनोव."

हिरवा दिवा लागला. आभाळ होतं तिथेच राहिलं आणि दांडा वर गेला. गाडीचा ड्रायव्हर त्यांच्याच गावचा होता. त्याने पटकन दुसरीकडे पाहिलं. मिर्झागा आत आले ते टोपी चाचपत, जणू कुणी भर चौकात ती उडवली होती.

केबिनमध्ये उर्कियाने चहा ओतला. पहिली वाटी मिर्झागांना, तिथल्या रीतीने मान राखून अर्धीच भरलेली. हेडविगबाईंनी फॉर्म काढला. जगातल्या प्रत्येक पहारेकऱ्याला विचारायचे तेवीस प्रश्न त्यात होते. शेवटचा दरवर्षी तोच असे: इथून पूर्वी कुणी काही नेल्याचं तुम्हाला माहीत आहे का? उर्किया दरवर्षी नाही म्हणे, आणि सगळे चहा संपवून उठत.

"आहे," ती म्हणाली.

झान्सयाने भाषांतर करायच्या आधी तिच्याकडे पाहिलं. "आपा?"

"सांग त्यांना. माहीत आहे म्हणावं."

"केलीन," मिर्झागा हसत म्हणाले, "चहा निवतोय."

"तुमचा ओतलाय, मिर्झागा."

हेडविगबाई फॉर्मकडे बघत राहिल्या. प्रश्नापुढे हो आणि नाही अशा दोनच चौकटी होत्या. तीन देशांनी मिळून केलेल्या त्या कागदावर नावाला जागा ठेवलेली नव्हती. त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि मान वर केली.

उर्किया थांबली होती. पेन तयार झालेलं बघून तिने नाव घेतलं, पूर्ण, सावकाश. मायक्रोफोन चालूच राहिला होता. बाहेर, कुणी उभं नसताना, दांडा अदबीने वर गेला.