फ्लॉपीला वाहिलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या राहू गावातल्या घरी विळा, खुरपी, मोटारीचा पाना, जे जे पोटाला घालतं ते पाटावर मांडतात. त्या वर्षी आईनं माझी फ्लॉपीही मांडली. तेव्हाची फ्लॉपी मोठी, पातळ, हातात वाकणारी. पाकिटासकट पूजा कशी करायची, म्हणून तिनं ती बाहेर काढली आणि मधल्या लांबट फटीत, जिथं आतली चकती उघडी दिसते, नेमकं तिथंच हळदकुंकू वाहिलं. वर पळीभर पाणी.

मी मळ्यातून आलो तर हा प्रकार. त्या फ्लॉपीत माझं कॉम्प्युटर क्लासचं सगळं काम होतं. दसऱ्यानंतर पुण्याहून परीक्षक ते तपासायला येणार होते. सर्टिफिकेट मिळालं तरच शिरूरकडच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी, नाहीतर पुन्हा मळा. आईला काय बोलणार? पण तोंड थोडंच लपतंय!

"कायतरी इस्कटलं का रं?"

"न्हाई गं," म्हणत मी फ्लॉपी पुसायला गेलो, तर कुंकू आणखीच पसरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यवत गाठलं. क्लास खताच्या दुकानावरच्या माडीवर होता. चपला बाहेर काढून सरांपुढे फ्लॉपी धरली.

"आत घालू नका ती!" सर ओरडलेच. "ड्राइव्हचंही वाटोळं होईल. इथल्या मशिनच्या हार्ड डिस्कवर काही आहे का?"

"तिथलं तर तुम्हीच पुसायला लावलं होतं, सर. मी रोज..." बोलता बोलता मी थांबलो.

काम सुरू करताना फ्लॉपीवर जायला ए कोलन टाइप करायचं मी कायम विसरायचो आणि माझ्या फाइली क्लासच्या मशिनवर जाऊन बसायच्या. सर चिडून त्या कॉपी कमांडनं फ्लॉपीवर घ्यायला लावत आणि मग मशिनवरच्या पुसायला डेल मारायला सांगत. कॉपी मी बिनधास्त करायचो. पण डेल मारलं की मशिन विचारायचं, सगळ्या फाइली जातील, नक्की ना? वाय की एन? मला वाटायचं, फ्लॉपीवरचंही जाईल. मी गुपचूप एन दाबायचो आणि सरांना "झालं" सांगून बस पकडायचो.

मशिनपुढे बसून फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड टाइप केली आणि एंटर मारलं. काळ्या पडद्यावर माझ्या फाइलींची नावं एकाखाली एक सरकू लागली. इतकं हायसं वाटलं की मी चक्क खुर्चीतून उठून सरांच्या पाया पडलो. "पाया काय पडताय, शिस्त लावून घ्या जरा," म्हणत त्यांनी हसत कोरी फ्लॉपी दिली.

घरी आलो तर आई ओट्यावर बसून होती.

"चाललं का?"

"चाललं. समदं हाय. परवा परीक्षा."

"माझ्या हातानं तुझी नोकरी गेली म्हनून लई भ्याले व्हते बघ."

ती उठली, ताट वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवू लागली. दसऱ्याला घरातल्या सगळ्यांचे नवरात्राचे उपास सुटले होते. तिनं तिचा अजून सोडलाच नव्हता.