कलेक्टर कुणी विकला

गटाचा बोकड मायनं विकला नव्हता. मी विकला होता.

माय काल गेली. आज माती झाली. आता तरी हे लिहायला पाहिजे.

निलंग्याकडच्या आमच्या गावात बारा घरच्या बायकांचा शेळीगट. सगळ्यांच्या शेळ्यांना मिळून एकच निवडलेला बोकड. दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाला द्यायचा, तिकडचा आपल्याकडं आणायचा. स्वतःच्याच लेकींना लागू नये म्हणून.

नियम एकच कडक. ज्या घरानं बोकड विकला, त्या घराला पुन्हा बोकड सांभाळायला नाही.

दुष्काळात पाळी मायची. बोकडाचं नाव कलेक्टर. तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी आवई होती.
"जिल्हा येईल तवा येईल, आपला कलेक्टर आला," माय म्हणायची.

चारा छावणीत शेळ्यांना एन्ट्री नव्हती. सरकारच्या लेखी भूक फक्त मोठ्या जनावरांना लागते.

माय कोसभर हिंडून लिंबाचा पाला आणायची. टँकरचं पाणी आधी त्याला. एकदा चक्कर येऊन पडली.

मी लातूरहून आलो. "माय, विकून टाक."
"गटाचा हाय त्यो. तुझ्या बापाचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती टँकरच्या रांगेत असताना मी कलेक्टरला बाजारच्या टेम्पोत चढवलं.

मायला वाचवायला, असं स्वतःला सांगितलं. खरं तर तिला बघायला दर आठवड्याला एसटीचे धक्के खायचा कंटाळा आला होता.

ती आली. रिकामा खुंटा बघितला. घागर उतरवली, पदर सारखा केला आणि घरोघर जाऊन सांगून आली, "म्या विकला. चूक झाली."

"माझं नाव का न्हाई घेतलं?"
"तू पेपरात लोकांच्या चुका लिव्हतूस. तुझीच गावली तर कोण वाचंल तुला?"

पुन्हा तिच्या दारात गटाचा बोकड आला नाही.

तरी नवा निवडायचा झाला की बायका तिलाच न्यायच्या. ती बोकडाकडं बघायचीच नाही. त्याच्या आईखाली बसून दूध काढून बघायची.
"बोकड काय, समदेच टणटणीत दिसतेत. त्याची माय बघा."

आज गटातली तिची मैत्रीण, शेवंतामावशी, माझ्या गळ्यात पडून रडली.
"लई गुणाची होती रे. तेवढा एक कलेक्टर विकला, बघ."

मी मान हलवली.
आजही.

मावशी फेसबुकवर नाही. तिच्या सुनेनं हे तिला मोठ्यानं वाचून दाखवावं. सगळ्या बायकांसमोर.

मायवरून बोकड कळतो, हा तुझा नियम कधी चुकला नाही, माय.
आपल्या घरात तेवढा चुकला.

सुखानं जा.